शांत बरणीतला घोटाळा

ती. ताईस,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींच्या रक्तदाबाची चौकशी करत नाही, कारण तो सध्या माझ्याच घरी मुक्कामाला आहे. (म्हणजे तुझी लेक.)

लेक खुशाल आहे. माझा ओटा मात्र तिच्या प्रबंधाच्या पाणपिसवांनी बळकावलाय. पाण्यात टुणटुण उडणारे तिळाहून लहान जीव, पण बापलेकीचं बिनसलं ते यांच्यावरूनच. भावोजींनी जन्मभर वर्गात शिकवलं की जनुकं अपघातानं बदलतात, निसर्ग त्यांतली तगणारी चाळून घेतो, आणि आईनं जे भोगलं ते पोरांच्या अंगात उतरत नाही. ही म्हणते, उतरतं! पाण्याला माशाचा वास आला की पिसू घाबरते आणि तिची पोरं डोक्यावर कवचाची टोकदार टोपी घेऊनच जन्मतात, माशाला गिळता येऊ नये म्हणून. जनुकातलं अक्षरही न बदलता. कुठलं जनुक कधी वाचायचं हे म्हणे शरीर ठरवतं. (तुमच्या घरात कुणी काय वाचायचं हे भावोजी ठरवतात, खरी ठिणगी तिथेच पडली असावी.) "जनुकं तीच ना? मग सिद्धान्त कुठे मोडला?" हे भावोजी. "मोडला नाही बाबा, तोकडा पडला." ही आमची बाई. तोकडं हा शब्द त्यांनी स्वतःच्या पँटीबद्दलही कधी ऐकून घेतलेला नाही. पुढचा अबोला तू बघतेच आहेस.

आता माझा पराक्रम. मागच्या आठवड्यात ती बाहेर गेली असताना 'शांत' अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीत पाणी कमी दिसलं. जन्मात न घाबरलेल्या पिसवांची बरणी ही, तुलनेसाठी ठेवलेली. मी मामाच्या मायेनं माझ्या माशांच्या पेटीतलं पाणी त्यात ओतलं. (म्हटलं, तेवढंच पौष्टिक.) पुढची अख्खी पिलावळ टोप्या घालून हजर! पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं गं. तिनं बरणीवरची 'शांत' ही चिठ्ठी तेवढी सोलून काढली. प्रबंधाची तोंडी परीक्षा जवळ आलीय, आणि तुलनेला घरात एकही निर्धास्त जीव उरलेला नाही. (मला धरून.)

प्रकृतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. माशाचा वासही न लागलेल्या पिसवा आता एकाच ठिकाणी आहेत: भावोजी शाळेतल्या मुलांना दाखवायला गच्चीवरच्या टाकीत पाळतात त्या. लेक तोंडानं मागायची नाही, ती बापावर गेलीय. तू बरणीभर पाठव. आणि भावोजींच्याच हाती पाठव.

ता. क. २. ते नाही म्हणतील. तेव्हा 'पोरीला तुमची आठवण येते' असलं काही सांगू नकोस. (येते. रोज येते.) 'तिचा प्रयोग चुकलाय' एवढंच सांग. चपला घालायलाही थांबणार नाहीत.