तिसऱ्या अंकाला कुलूप

आरमोरी, मंगळवार

आदरणीय धनराज भाऊजींना देवानंदचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

वरोऱ्याला सारे खुशाल असाल. आपला गुडघा काय म्हणतो? आमच्या ललिताबाईचा खोकला गेला ना? इथे प्रेमिला आणि कुत्रं मजेत आहेत. माझं तेवढं विचारू नका. (फोनच करणार होतो, पण हे सांगताना माझा आवाज भरून येतो आणि तुम्हाला वाटतं नेटवर्क गेलं.)

येत्या रविवारी गावच्या मंडईच्या जत्रेत माझं नाटक आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांचे पडदे ओढून झाल्यावर लिहिलेलं हे माझं पहिलं नाटक, आणि ते मी थेट संगणकावर लिहिलं. छापील प्रत काढायला बसलो, तर संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात फिकट अक्षरांत सूचना: सॉफ्टवेअर सक्रिय करा. ती पानापानावर उमटेल आणि नायिकेच्या मरणातही दिसेल, अशी मला धास्ती. (उमटत नाही, हे नंतर कळलं.) अधिकृत किल्ली विकत घ्यायची सोडून मी फुकटात सक्रिय करून देणारं एक अवजार नेटवरून उतरवलं. त्याची पहिलीच अट, आधी अँटिव्हायरस बंद करा. प्रेमिला मागे उभी होती. म्हणाली, "जो भलं कराले येऊन राह्यला, त्याले राखणदार काऊन नाई चालत?" मी तिला समजावलं, की आपल्याकडे पाहुणा दारातून 'कुत्रं बांधा' म्हणाला, तर आपण आधी बांधतो, मग नाव-गाव विचारतो. बांधलं.

एक कबूल केलं पाहिजे, कोपऱ्यातली सूचना गेली. अवजाराने शब्द पाळला. फक्त सूचनेसोबत नाटकही गेलं. फाइल जागच्या जागी आहे, पण तिला कुलूप लागलंय, आणि ते उघडण्यासाठी पडद्यावर आलेल्या इंग्रजी चिठ्ठीत जे बिटकॉइन नावाचं नाणं मागितलंय ते आरमोरीच्या बाजारात कोणी पाहिलेलं नाही. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. "भाऊ, पयले काऊन नाई विचारलं?" एवढंच म्हणाला.

तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्या झाडीपट्टीत नट वडशाहून रविवारी दुपारी उतरणार आणि स्टेजपुढच्या खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर जे वाचेल तेच बोलणार. आमचा प्रॉम्प्टर पत्रू रोज सकाळी चष्मा पुसत येतो. "भाऊ, कापी कुठी हाय?" मी त्याला चहा देतो. भाऊजी, फार लाज वाटते. त्याने माझ्या नाटकासाठी दुसऱ्या गावचं काम सोडलंय.

ललिताबाईला नमस्कार सांगा.

आपला मेहुणा,
देवानंद

ता. क. पोळ्याला मी हेच नाटक पेनड्राइव्हवर तुम्हाला वाचायला दिलं होतं. तुम्ही नंतर फोनवर म्हणालात, "तिसऱ्या अंकात तं मी रडलोच ना बाप्पा." तो पेनड्राइव्ह तेवढा एसटीच्या कंडक्टरसोबत पाठवा. माझ्या संगणकाला लावणार नाही, शपथ.

आणखी ता. क. ललिताबाईचा आत्ताच फोन आला. मी पेनड्राइव्हचं विचारलं, तर तो अजून पाकिटातून बाहेरच निघाला नाही म्हणे. राग नाही. पण त्यावरून मला आठवलं, की पोळ्यापर्यंत माझे दोनच अंक लिहून झाले होते. पत्रूला तर तिन्ही लागतात. तेव्हा ज्या तिसऱ्या अंकात तुम्ही रडलात, तो रविवारच्या आत लिहून काढा आणि पेनड्राइव्हसोबत स्वतःच घेऊन या.