फीच्या बदल्यात काम

१२ मे

फी दीडपट! पत्रक मीच फलकावर लावलं आणि मागे वळले तर गर्दी. गेल्या वर्षापर्यंत मी याच कॉलेजात शिकत होते, आता प्रवेशाच्या खिडकीमागे बसते – हंगामी का होईना, खुर्ची आहे. त्यामुळे सगळे मलाच जाब विचारत होते, जणू फी मी वाढवली. एक बाई मात्र बाजूला उभ्या होत्या. पत्रक दोनदा वाचलं आणि मुलाला म्हणाल्या, "चल."

तो "चल" डोक्यातून जात नाही.

यंदा आमची धाकटीही आहे. विज्ञान शाखा, गुण माझ्यापेक्षा चांगले. या घरातली पहिली पदवीधर मी – पण शेवटची नाही. कसं ते माहीत नाही, पण नाही.

१३ मे

घरी सांगितलं. आई पाळणाघरातून नुकतीच आली होती, दिवसभर दुसऱ्यांची पोरं कडेवर घेऊन कंबर धरलेली. म्हणाली, संध्याकाळचीही पाळी मागून बघते. बाबा म्हणाले, तू थांब, मी जाऊन भाव करतो.

भाव! बाबा रंगारी आहेत. त्यांच्या धंद्यात पहिला आकडा म्हणजे नुसती बोलायला सुरुवात. मी समजावलं, कॉलेजात घासाघीस चालत नाही, रीतसर अर्ज करावा लागतो. धाकटी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "ताई, जाऊ दे ना त्यांना. तुझे रीतसर अर्ज अजून उत्तराची वाट बघतायत."

आगाऊ आहे. पण खोटं नाही.

१४ मे

लाजेने मेले असते. आता हसू आवरत नाही.

बाबा प्राचार्य मॅडमच्या दाराबाहेर बाकावर बसले होते. बोलावणं काही येईना. समोरच्या भिंतीला पोपडे धरलेले. पोपडे दिसले की बाबांचा हात शिवशिवतो आणि जुना रंग काढायची पत्री खिशात असतेच. उठले आणि सरळ भिंत खरवडायला लागले! शिपाई धावून गेला. पांढरी धूळ सगळ्या कॉरिडॉरभर. मॅडम बाहेर आल्या – कोण हा माणूस?

"हात रिकामे होते, साहेब," बाबा म्हणाले. त्यांना सगळेच साहेब.

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आत बोलावलं. बाहेर आले तेव्हा ठरलेलं होतं – सुट्टीत तळमजला आणि दोन्ही जिने बाबांनी रंगवायचे, सामान कॉलेजचं, मजुरी घ्यायची नाही. धाकटीची वर्षाची फी माफ. जाताना माझ्या खिडकीत वाकून फक्त एवढंच म्हणाले, "केला भाव."

१५ मे

आनंद झाला. मग सकाळपासून तो कमी कमी होत गेला. आपलं भागलं, त्या बाईंचं काय? बाबांच्या खिशात पत्री होती म्हणून?

१७ मे

सुचलं! जे बाबांना, ते सगळ्यांना का नाही? ज्याला फी झेपत नाही त्याच्या घरातल्या कुणीतरी आपल्या हातचं काम कॉलेजला द्यावं. दान नाही, उपकार नाही. मान खाली घालायची गरजच नाही. मॅडमसमोर बोलताना एकदाही अडखळले नाही. त्या म्हणाल्या, करून बघ, जबाबदारी तुझी.

माझी! चालेल.

२१ मे

त्या बाईंना शोधून काढलं. खुर्च्यांच्या पट्ट्या विणतात, इतकी वर्षं विणतायत. वाचनालयातल्या सगळ्या फाटक्या खुर्च्या घेतो म्हणाल्या. मुलाचा प्रवेश मी माझ्या हाताने केला. शिवाय एक नळकाम करणारे वडील, एक दारं-खिडक्या करणारे मामा, आणि एक आत्या – वीजकाम करते. "पंखे सोड, मी लिफ्टपण बघते," म्हणाली. लिफ्ट नाही आपल्याकडे, म्हटलं. हिरमुसली.

२४ मे

कॉलेज नुसतं गजबजलंय. सुट्टी वाटतच नाही.

मिस्त्रीकाकांची फार मदत होते. कॉलेजची सगळी डागडुजी वर्षानुवर्षं तेच बघतात. नळ गळो, कडी तुटो, काकांना हाक मारायची. मी विद्यार्थिनी असताना माझी चप्पलसुद्धा त्यांनी शिवून दिली होती. आता प्रत्येकाला शिडी कुठे, चावी कुठली, हे तेच दाखवतात. बाबांची आणि त्यांची दोन दिवसांत गट्टी. बाबांनी जिन्याला पहिला हात मारला तर काका खालून म्हणाले, "रंगारीबुवा, एवढा गुळगुळीत करू नका, पोरं घसरतील अन् ती दुरुस्तीही माझ्याच गळ्यात."

२९ मे

जेवताना बाबा म्हणाले, मिस्त्री हल्ली नुसता बसून असतो. मी म्हटलं, बरंच आहे की! जन्मभर राबले, चार दिवस विसावा. बाबा भाकरी मोडत राहिले. त्यांना कौतुक करता येत नाही, मला सवय आहे.

३ जून

धाकटीचा प्रवेश पक्का. पावती तिने चारदा पाहिली. मग मला म्हणाली, "ताई, मी नापास झाले तर बाबांना रंग खरवडून काढावा लागेल का?" आई हसली. किती दिवसांनी! संध्याकाळच्या पाळीचं नाव आता ती काढत नाही.

७ जून

आज संस्थेच्या मंडळासमोर बोलले. लांब टेबल, गार खोली, सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे. खुर्च्यांचे फोटो दाखवले, जिन्यांचे दाखवले. कुणाकुणाची मुलं शिकणार ते सांगितलं. त्यांचे चेहरे तसेच. तेव्हा मला आपोआप सुचलं – म्हटलं, या सुट्टीत कॉलेजला दुरुस्तीच्या मजुरीवर एक पैसा खर्च करावा लागलेला नाही, पुढेही लागणार नाही. त्या वाक्यावर सगळे सरसावून बसले! अध्यक्षांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं, आणखी ठासून.

योजना कायमची झाली. मॅडमनी सर्वांसमोर पाठ थोपटली. घरी येताना वाटलं, रस्ता माझ्याच मालकीचा आहे.

१२ जून

खिडकीवर रांग. फीपेक्षा योजनेचीच जास्त. एक आजोबा नातीसाठी आले, म्हणाले काम काही येत नाही, पण शिट्टी छान वाजवतो. मैदानावर खेळाच्या तासाला नेमलं त्यांना!

लोक आता "चल" म्हणत नाहीत. थांबतात, विचारतात. मला दुसरं काय हवं?

१६ जून

मिस्त्रीकाका दोन दिवस दिसले नाहीत. आजारी असतील. विचारायचं राहून गेलं, इतकी गडबड.

१८ जून

आज मिस्त्रीकाका रांगेत होते. मला वाटलं, भेटायला आलेत – म्हटलं, काका, रांगेत कशाला, आत या ना. ते जागचे हलले नाहीत. आपली पाळी आल्यावरच खिडकीशी आले.

मंडळाने त्यांना कमी केलं. सात तारखेच्या बैठकीतच, मी बाहेर पडल्यावर ठरलं. नोकरी गेली तशी मुलीची अर्ध्या फीची सवलतही गेली, ती फक्त कर्मचाऱ्यांच्या मुलांना असते. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या योजनेत नाव घालायला आले होते.

काय काम येतं, हे प्रत्येकाला विचारावं लागतं. त्यांनाही विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"इतके दिवस करत होतो तेच," ते म्हणाले. रागावलेले नव्हते. "आता पगाराशिवाय."

माझा हात हलेना. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "लिही पोरी, लोक खोळंबलेत."

लिहिलं.