ल्योंच्या नदीकाठी आई बसली, त्याची हकिकत

रीडिंग, इंग्लंड, जून २००८

ती. सौ. सुलक्षणावहिनींना,

देविकाचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा वळत नाही, तेव्हा आठांतलं एखादं अंग वजा धरावं). दादाची शुगर आणि तुमची मान ताब्यात असतील, तुमच्या चैत्रालीचं डोहाळजेवण थाटात झालं असेल. आई उत्तम आहे. तुम्ही फोनवर विचारलंत, की आईचं परतीचं तिकीट पक्कं ना. चैत्रालीला नववा लागायच्या आत त्या पुण्यात हव्यात, नाहीतर डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची मालिश हे सगळं कोण करणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर देते, पण जरा फ्रान्समार्गे जावं लागेल.

त्याचं असं झालं, की रघुवीरच्या ऑफिसनं त्याला आठवडाभर ल्योंला पाठवलं आणि मी आईला घेऊन नवऱ्याच्या मागोमाग गेले. ल्यों हे दोन नद्यांचं गाव. पुण्यालाही दोन नद्या आहेत, पण तुलना इथेच थांबवते. तिथे एका नदीच्या काठावर पूर्वी गाड्यांचं पार्किंग होतं. ते उखडून गेल्याच वर्षी लांबच लांब बाग केली आहे. आपण नदीच्या पात्रात रस्ता घातला. ह्या लोकांनी गाड्या हाकलून माणसांना नदी परत दिली. आणि त्या काठावर, भर मंगळवारी दुपारी, चांगली धडधाकट माणसं बसलेली. पायऱ्यांवर, गवतावर, पाण्याकडे पाय सोडून. ना पत्ते, ना शेंगदाणे. कोणी काही विकत नव्हतं, कोणी तब्येतीसाठी झपाझप चालत नव्हतं. (आमच्या इंग्रजांना बागेत यायला निदान कुत्र्याचं तरी निमित्त लागतं.) आई थबकली. साडीवर चढवलेल्या माझ्या कार्डिगनची बटणं लावली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "कोण गेलं गं?" एवढी माणसं कामधाम सोडून गप्प बाहेर बसलेली तिनं आजवर एकाच प्रसंगी पाहिली होती. कोणी गेलेलं नाही, ही अशीच बसली आहेत, हे तिला पटवताना माझी दमछाक झाली. "मग घरचं कोण बघतं?" एवढंच तिनं विचारलं.

मग आम्ही नदीसमोरच्या एका चहाघरात शिरलो. जाळीचे पडदे, फुलाफुलांच्या किटल्या, लालचुटूक साखरेतल्या बदामांचा केक आणि दुधाशिवायचा चहा. आईनं एक घोट घेऊन हा आजारी माणसाचा चहा आहे असा निकाल दिला. चहा संपला, पण बिल येईना. आपल्याकडे शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत टेबलावरून ओलं फडकं फिरतं, बडीशेपेसकट बिल आदळतं, आणि जागेसाठी ताटकळणारी मंडळी आपल्या पाठीला डोळे लावतात. तिथे न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला दार दाखवणं, हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा मात्र रघुवीर म्हणाला, मागू नकोस, वाईट दिसतं (खरं कारण, त्याला फ्रेंच येत नाही). उठावं तर चोर ठरू. म्हणून भिडेपोटी आम्ही आणखी चहा मागवत राहिलो.

आईला काही बसवेना. ती उठली, आमच्या कपबश्या गोळा केल्या, शेजारच्या टेबलावरच्याही उचलल्या (त्या बाईचा चहा संपायचा होता), आणि विसळून आणते म्हणून तडक आतल्या दाराकडे निघाली. आतून मालकीणबाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, आईच्याच वयाच्या. आता आपली शोभा होणार म्हणून मी पर्समध्ये तोंड घातलं. बाईंनी आईच्या हातातून कप काढून घेतले, दंडाला धरून तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, खांद्यावर हात ठेवून एकच शब्द बोलल्या. मला फ्रेंच येत नाही. पण खांद्यावर हात ठेवून जगात एकच शब्द बोलतात. मग त्यांनी स्वतः आईच्या कपात चहा ओतला.

आणि वहिनी, आई बसली. हातात वाती नाहीत, निवडायला मेथी नाही, जपमाळसुद्धा नाही. रिकामे हात ठेवायचे कुठे हे तिला कळेना. आधी टेबलावर ठेवले, मग पदराखाली, मग ते आपोआप मांडीवर येऊन पडले. नदीवरचं ऊन तिच्या तोंडावर हलत होतं. आईला मी जन्मभर पाठमोरीच ओळखत होते, ओट्याशी उभी. ती समोरून अशी दिसते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. रघुवीरही बिलाची वाट बघायचा थांबला. खुर्च्या उचलायला लागले तेव्हा आई उठली आणि म्हणाली, "चहा वाईट आहे. उद्या परत येऊ." आम्ही रोज गेलो.

कळावे. मोठ्यांना नमस्कार, चैत्रालीला जपा, रागावणार असाल तर निवांत बसून रागवा.

तुमची नणंद,
देविका

ता. क. तिकिटाचं राहिलंच. ते मी पुढे ढकललं आहे. मालिशीला आणि स्वयंपाकाला बाई बघावी. दादा इंजिनिअर आहे, लाडू त्याला वळता यावेत.

ता. क. २. हे सगळं लिहिताना मी प्यायले तो चहा आईनं करून आणला होता, हे कप रिकामा झाल्यावर लक्षात आलं. एवढं दादाला वाचून दाखवू नये.

ता. क. ३. कप न्यायला आलेल्या आईनं पत्र उभ्या उभ्याच वाचलं आणि माझी हजेरी घेतली. तिकीट कोणाला विचारून ढकललंस, पतवंड माझं आहे, म्हणाली. तेव्हा ती ठरल्या दिवशीच येते आहे. पण बाई मात्र बघाच. तिचा निरोप जसाच्या तसा देते: "लाडू-बिडू त्यांचं ते बघतील म्हणावं. मी बाळाला घेऊन बसणार. मांडीवर मूल असलं की बाईला कोणी ऊठ म्हणत नाही."