जमनाचे भुरे केस

बेडिया, ता. १२ फेब्रुवारी १९८४

चि. रामकन्या हिस सुगनजीजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इंदूरला नर्सिंग शिकायला गेलीस आणि गावच्या बहिणीला विसरलीस ना? तिथल्या पोहे-जिलबीपुढे आम्ही कसल्या आठवतोय! बाळ तीन महिन्यांचं झालं. अंगावर पितं आणि रात्रभर जागवतं.

थोरल्या जमनाला मात्र तू ओळखणार नाहीस. दिवाळीत तिला गोवर आला, तेव्हापासून केस भुरे होत गेलेत, मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे. सासूबाई म्हणतात, शीतलामाईचा हात फिरला. गल्लीत तर तिला भुरीच म्हणतात. गाल, पावलं गुबगुबीत झालीत. बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. रडणं नाही, हट्ट नाही. बसवावं तिथे बसून राहते. शीतला सप्तमीपर्यंत सासूबाईंचा नवस आहे, तिला डाळ, दूध, तेल काही द्यायचं नाही. मक्याचं पीठ पाण्यात शिजवून केलेली पातळ राबडी तेवढी. तीच निमूट पिते बिचारी.

अडीच वर्षांच्या पोरीने इतकं शांत असावं का गं? मी आपली सदाची भित्री. सगळं ठीक आहे एवढं लिहून टाक, म्हणजे झालं. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
सुगन

*

इंदूर, ता. १६ फेब्रुवारी

ति. सुगनजीजीस रामकन्येचा सा. न.

पत्र मिळेल त्या दिवशी जमनाला घेऊन निघ. थट्टा करायला आज मन नाही.

जीजी, ते भुरे केस माईच्या कृपेचे नाहीत, उपासमारीचे आहेत. ते बाळसं नव्हे, सूज आहे. पोर शहाणी झालेली नाही, तिच्यात रडायचंही त्राण उरलेलं नाही. अशी मुलं आमच्या वॉर्डात येतात. वेळेवर आलेली बरी होतात. उशिरा आलेल्यांचं मी तुला लिहीत नाही.

भाऊजींना सांग, सनावदहून सकाळची गाडी धरा. मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. सासूबाईंशी भांडत बसू नकोस. नवस मोडल्याचं पाप माझ्या माथी घालू देत, सप्तमीचा उपास मी करीन. मला हव्या तेवढ्या शिव्या देऊ देत, पण पोरीला अडवू नयेत.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे, आणि मलाही.

तुझी
कन्या

*

बेडिया, ता. ८ एप्रिल

चि. रामकन्या हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो, त्याला आता पंधरवडा झाला. दवाखान्यात पहिल्या आठवड्यात सूज उतरून पोरीची हाडं दिसायला लागली, तेव्हा तू तिला जिवे मारायला निघालीस असं मी तुला म्हणाले. ते मनात ठेवू नकोस. काल गुळासाठी तिने अंगणात लोळण घेतली, वर मला चावली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आम्ही परत आल्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. आज त्या जमनाची वेणी घालायला बसल्या. भांग पाडला आणि फणी तशीच हातात राहिली. मुळाशी अर्ध्या पेराएवढे काळेभोर केस आलेत गं. वर भुरे, खाली काळे. बराच वेळ त्या बोटाने चाचपत राहिल्या. मग चुलीपाशी येऊन मला म्हणाल्या, कागद घे.

तुझ्या भाऊजींच्या पाठची एक बहीण होती, चंदा. तिसऱ्या वर्षी गेली. घरात तिचं नाव निघालं की सगळे सांगतात, काय देखणी होती, मडमेसारखी भुरी, गुबगुबीत पावलांची. सासूबाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते:

"माझी चंदापण भुरी होती. तीपण रडायची नाही. गोवरानंतर तिलाही मी राबडीच देत होते. कन्येला विचार, तिचंही हेच होतं का?"

उत्तर त्यांच्याच नावे लिही. त्यांना वाचता येत नाही, मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. काय लिहायचं ते तुझ्यावर सोपवते. हे पत्र अजून पेटीत पडलेलंसुद्धा नाही, आणि त्या जमनाला मांडीवर घेऊन आत्तापासूनच ओट्यावर पोस्टमनची वाट बघत बसल्यात.

तुझी
सुगन