रिकाम्या खुर्चीचे राज्य कोणाचे?

मी, खाली सही करणारी, गाद्या-सोफ्यांच्या दुकानाची मालकीण, वय पंच्याहत्तरीला टेकलेले, धंदा आता फक्त दुसऱ्यांच्या कामात खोड काढण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्याच हट्टाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. त्याची खात्री करायला डॉक्टर घरी आले, तेव्हा ‘मुकुट आणि मुलूख’ या पत्त्यांच्या खेळाचे सगळे नियम मी त्यांना क्रमाने म्हणून दाखवू लागले. सतराव्या नियमालाच त्यांनी दाखला लिहून दिला आणि ते चहा न घेता गेले. हृदयाबद्दल मात्र त्यांनी इतक्या खात्रीने काही लिहून दिले नाही, म्हणून ही तजवीज.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी रागाच्या भरात पत्त्यांतला ड्रॅगन जावयाच्या नावे केला होता.

कलम एक: घर. दुकानावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या पतींनी हयातभर वापरावे, त्यांच्यानंतर ते मुलीचे. अट एकच. मधल्या खोलीतले जेवणाचे टेबल जागचे हलवू नये. त्यावर काचेखाली डाव मांडलेला आहे. गेली सहा वर्षे आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवतो. पाहुणे नाक मुरडतात, पण काचेवर वाटी ठेवायला मी अजून कोणाला दिलेली नाही आणि माझ्यामागेही देऊ नये.

कलम दोन: दुकान आणि हत्यारे. दुकान मुलीचे. वाकड्या सुया, लहान हातोडी आणि जाड कापडाची कात्री आमच्या कारागिराला द्यावी. कात्रीने कागद कापायचा नाही, हे त्याला तीसदा सांगितले आहे. एकतिसाव्यांदा हे मृत्युपत्र सांगते. बँकेत जे काही असेल ते पतींना. ते मोजत बसतील, बसू द्यावे, तेवढाच वेळ जागे राहतील.

कलम तीन: शिडी. घडीची शिडी धाकट्या दिरांकडे आहे. ती माझी आहे. ते म्हणतात, त्यांची आहे. ती त्यांना दिली, म्हणजे ती माझी होती हे सिद्ध झाले.

आता ज्यासाठी हा कागद हातात घेतला त्याकडे येते. खेळ न खेळलेल्यांच्या सोयीसाठी थोडक्यात सांगते. ‘मुकुट आणि मुलूख’ चौघांनी खेळायचा असतो. पत्त्यांवर मुलूख, सेनापती, जादूगार, ड्रॅगन वगैरे असतात. मुलूख जिंकत साम्राज्य वाढवायचे. पटाच्या मधोमध एक पितळी घंटा असते. ती एकदा वाजवली की डाव तहकूब, मग कोणीही उठावे, बसावे, नाक शिंकरावे. दोनदा वाजवली की डाव पुन्हा सुरू. आमच्याकडे दर रविवारी दुपारी मी, माझ्या डावीकडे भाऊजी म्हणजे हेच धाकटे दीर, त्यांच्या डावीकडे आमचे हे, आणि मग मुलगी, असे बसायचो. बसण्याची ही जागा लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

नियमपुस्तिका बारीक टायपात असून लिहिणाऱ्याने ती घाईत लिहिलेली दिसते. शंका आल्या की मी प्रकाशकांना पत्र टाकत असे. एकदाच उत्तर आले: “खेळाडूंनी आपसात ठरवावे.” आपसात ठरले असते तर पत्र कशाला टाकले असते? तेव्हापासून निकाल मीच देते.

कलम चार: पडून राहिलेल्या प्रश्नांचे निकाल.

झोपलेल्या ड्रॅगनकडून कर घेता येतो का, हा आमच्या ह्यांचा प्रश्न. घेता येतो. मात्र वसुलीला स्वतः जावे, सेनापतीला पुढे करू नये. हे गेले नाहीत.

दोन जादूगारांनी एकाच वेळी एकमेकांना बेडूक केले तर जिंकले कोण, हा मुलीचा प्रश्न. कोणी नाही. दोघेही बेडूक झाले आणि तिच्या दलदलीची लोकसंख्या दोनाने वाढली. ती यावर महिनाभर धुसफुसत होती, पण निकाल कायम.

लवकर घरी जाता यावे म्हणून मुद्दाम हरता येते का, हा जावयाचा प्रश्न, तोही प्रेक्षक असताना विचारलेला. नाही.

कलम पाच: दूध. हा वाद मी इथे लिहून ठेवते, कारण माझ्यामागे जो तो आपल्या सोयीने सांगेल.

भाऊजी वजनमाप खात्यात तपासनीस होते. लोकांचे तराजू तपासता तपासता त्यांना घरातही काही सरळ दिसेनासे झाले. आल्यापासून त्यांचे सुरू व्हायचे, “वहिनी, माझी खुर्ची तुमच्यापेक्षा अर्धं बोट खाली आहे.” एकदा फूटपट्टी घेऊन आले आणि चारही खुर्च्या मोजल्या. अर्धे बोट खाली होती. एका गादीवालीच्या घरात येऊन हे करायला काळीज लागते. मी त्यांची गादी उसवून पुन्हा भरली आणि ती अर्धे बोट वर केली, तर म्हणाले, “आता तुम्हीच खाली दिसता, बरं वाटतं.” असा माणूस. त्यांच्यासारखे खेळणारे मी दुसरे पाहिले नाही.

त्या रविवारी भाऊजींकडे अर्धे जग आले होते. बंदरे त्यांची, डोंगर त्यांचे, समुद्रावरचा पूलही त्यांचा. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध चढल्याचा आवाज आला. “अगं बाई, दूध!” असे मी म्हटले, उठले मात्र नाही, कारण पाळी माझी होती. भाऊजी ताडकन उठले, धावत गेले आणि गॅस बंद करून आले. येऊन बघतात तर मी पुस्तिका उघडून बसले होते.

“घंटा वाजवली नाहीत, भाऊजी.”

“वहिनी, दूध तुमचं होतं!”

“दूध माझं, राज्य तुमचं. नियम एकतीस.”

“घंटा वाजवेपर्यंत ते ओट्यावरून खाली आलं असतं!”

“पुसलं असतं.”

नियम एकतीस असा आहे: ‘डाव चालू असताना ज्याची खुर्ची रिकामी होईल त्याचे साम्राज्य बेवारस समजावे. ते त्याच्या डावीकडे बसलेल्या खेळाडूकडे जाईल. तेथे कोणी बसलेले नसल्यास सर्व पत्ते गठ्ठ्यात परत जातील.’ भाऊजींच्या डावीकडे आमचे हे होते. नेहमीप्रमाणे डुलक्या काढत होते. गोंगाटाने डोळे उघडले तेव्हा ते अर्ध्या जगाचे सम्राट झालेले होते. “असू दे, आलंय तर ठेवतो,” म्हणाले, “सगळीकडे धान्याची कोठारं बांधतो.” ह्यांनी आयुष्यात कोठाराशिवाय काही बांधलेले नाही.

राज्य गेले ते भाऊजींनी एक वेळ सोसले असते. पण आपल्या बंदरांवर कोठारे! नियम बत्तीसप्रमाणे राज्य गेलेला खेळाडू पटाबाहेर जात नाही, भटका सरदार म्हणून एका घोड्यानिशी राहतो, हे मी सांगत होते. ते ऐकायला थांबले नाहीत. वाचवलेल्या दुधाचा चहा तसाच ठेवून, छत्री उचलून निघून गेले. जिन्याच्या वळणावरून परत येतील असे वाटले, म्हणून मी घंटा एकदा वाजवली आणि डाव तहकूब केला. तो अजून तहकूब आहे.

त्यानंतर मुलगी दोन घरांमध्ये निरोप वाहते आहे. “काका म्हणतात, मापात तूट निघाली तरी दुकानदाराला एक संधी देतात.” मी म्हटले, “सांग काकांना, दुकानदारासमोर घंटा ठेवलेली नसते.” परवा ती वैतागून म्हणाली, “आई, तुम्ही दोघं एकमेकांशी माझ्या तोंडून भांडता, माझं तोंड दुखतं.” बरोबर आहे तिचे.

निकाल मी दिला तो नियमाला धरून होता. आजही तोच देईन. माफीबिफी या कागदात शोधू नये. पण रविवार आताशा संपता संपत नाही. भाऊजींच्या खुर्चीची गादी मी दरवर्षी उसवून नव्याने भरते. कोणी बसत नाही तर कशाला, असे ह्यांनी विचारले. मी म्हटले, दुकानात काम कमी आहे. काम कमी नव्हते. मला भाऊजींची आठवण येते. हे वाक्य कायद्यात बसत नसेल, तरी ते कोणी खोडू नये.

कलम सहा: माझे साम्राज्य. उत्तरेचे सात मुलूख, दोन सेनापती, एक जादूगार (वयस्क, पण चालतो) आणि झोपलेला ड्रॅगन, एवढी माझी मिळकत पटावर आहे. तिची व्यवस्था अशी.

मी गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मुलीने काच उचलून घंटा दोनदा वाजवावी. तहकुबी संपेल. डाव चालू असेल आणि माझी खुर्ची रिकामी असेल. म्हणजे नियम एकतीस. माझे साम्राज्य बेवारस होईल आणि माझ्या डावीकडे बसलेल्या खेळाडूकडे जाईल. माझ्या डावीकडची खुर्ची भाऊजींची आहे आणि भटके सरदार म्हणून ते अजून डावात आहेत.

ते खुर्चीवर असतील तर सगळे त्यांचे, ड्रॅगनसह. नसतील तर सगळे पत्ते गठ्ठ्यात जातील. मग पटावर उरतील मुलीचे दोन बेडूक आणि आमच्या ह्यांची कोठारे. जगाचा असा शेवट भाऊजींना बघवत असेल तर त्यांनी खुशाल घरी बसावे.

ज्या नियमाने त्यांचे राज्य गेले त्याच नियमाने मी माझे देते आहे. नियमात मी काडीचाही बदल केलेला नाही, हे त्यांनी नीट वाचावे.

पुरवणी, त्याच शाईने. वरील कागदावर साक्षीसाठी खालचे इस्त्रीवाले आणि भाऊजी यांना बोलावले होते. भाऊजींना मुलीने एवढेच सांगितले की सही हवी आहे. सही म्हटले की ते येतात, उभी हयात तराजूंवर सह्या करण्यात गेली. तीच छत्री घेऊन आले. माझ्याकडे न बघता कागद मागितला आणि सवयीप्रमाणे पहिल्या अक्षरापासून वाचू लागले. शिडीपर्यंत उभे होते. दुधापाशी बसले. कोणत्या खुर्चीवर बसले ते त्यांच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले.

कलम सहा त्यांनी दोनदा वाचले. मग चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

“वहिनी, यावर मला साक्ष करता येणार नाही.”

“का?”

“ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. नियम आहे.”

“मग?”

“मग काय? खोडा माझं नाव.”

मी खोडले. इतक्या आनंदाने मी आजवर कोणाचे नाव खोडलेले नाही.

चहासाठी गॅसवर दूध ठेवले होते. मुद्दाम ठेवले होते असे कोणी म्हणू नये. घरी आलेल्याला चहा द्यावाच लागतो. ते चढू लागले. आवाज सगळ्यांना आला. मी जागची हलले नाही. आमचे हे झोपले होते. इस्त्रीवाले माझ्याकडे बघत होते. भाऊजी अर्धे उठले, थबकले आणि पुन्हा टेकले. मग त्यांनी काच सरकवली, हात लांब केला, घंटा एकदा वाजवली आणि धावले.

तोवर बरेचसे दूध ओट्यावरून खाली आले होते. डाव आधीच तहकूब असताना घंटा वाजवावी लागत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. पुसून घेतले.

चहा झाल्यावर त्यांनी घंटा दोनदा वाजवली आहे. कलम सहा कायम आहे, पण त्याची घाई नाही. सहा वर्षांपासून पाळी माझी आहे आणि सगळे खोळंबले आहेत, म्हणून इथेच सही करते.

(सही) थोरली वहिनी, गादीवाली, उत्तरेची सम्राज्ञी

साक्षीदार:
१. (सही) खालचे इस्त्रीवाले
२. ~~धाकटे दीर~~ (खोडले ते मीच. खोडण्यास हरकत नाही. सही: भटका सरदार)
२. (सही) समोरच्या जिन्यावरचे दातांचे डॉक्टर. सही करून लगेच गेले, नियम ऐकायला थांबले नाहीत.

ठिकाण: मधली खोली, उत्तरेची खुर्ची
दिनांक: रविवार, डाव चालू असताना