पाण्याची वाट

४ ऑक्टोबर

हातातला चहा संपायच्या आत नणंदेनं टोमणा मारला, तोही सगळ्या गावासमोर. म्हणे, "पन्नाशीला टेकलेल्या सुनेला कसली पाण्याची वाट दाखवायची? पायाखालची वाट तरी दिसते का विचारा आधी!" सगळे खो खो हसले. रऊफही हसला, माझा नवरा! दुसरेपणावर आले म्हणून काय मी सून नाही? सासरच्या बाईनं कावड घेऊन पुढे चालायचं, झरा दाखवायचा, सुनेनं तिला रुमाल द्यायचा. एवढंच तर असतं. पहिल्या सासरी माझ्या आंधळ्या सासूनं वाट दाखवली होती, हात धरून. या माझ्या नणंदेला, मागिनूर आपाला, दोन डोळे असून जड झालं.

बाकी तक्रार नाही. कुकचिश्मे गाव एवढंसं, टेकडीवर एक गल्ली, नऊ चुली नि एक मशीद. पलीकडे बर्चच्या झाडांत कबरस्तान, खाली ओढ्यात झरा. घर उबदार आहे. बदकं दांडगी. रऊफनं माझ्यासाठी खिडक्यांना निळा रंग दिलाय, हात अजून निळेच आहेत त्याचे. मशिदीतले शाकूर आजोबा म्हणाले, चूल नीट पेटव बाई, या घरात फार दिवस कोणी हसलं नाही. मला बरं वाटलं. या वयात घर मिळालं हे काही थोडं नाही.

६ ऑक्टोबर

विहिरीच्या पाण्याचा चहा काळा होतो, दूध फाटतं. मागिनूर आपाला पुन्हा म्हटलं, चला झऱ्यावर. तर म्हणाली, माझे गुडघे तुझ्या हौसेसाठी नाहीत. म्हणजे नाहीच. मग मी कावड उचलली नि एकटी निघाले. मला काय कोणाची भीती?

उतारावर जुनी पडकी वस्ती लागते. घरं नाहीत, नुसते खड्डे आणि खाजरं रान माजलेलं. तिथून एक बाई पुढे झाली. पांढरी शाल, खांद्यावर कावड. मागे वळली नाही, पण मी थांबले की थांबायची. म्हटलं, नणंदेपेक्षा शेजारीण शहाणी! झऱ्यावर मी तिला माझा फुलांचा रुमाल दिला. तिनं लगेच डोक्याला बांधला. कुणाची सून म्हणून विचारलं. मी फणकाऱ्यानं म्हटलं, मला तर कोणी वाट दाखवली नाही, आता तुम्हीच ठरवा. ती हसली. म्हणाली, मग आमची.

हात फार गार होता तिचा.

८ ऑक्टोबर

नऊही घरं हिंडले. तशी बाई कुठेच नाही.

शाकूर आजोबांना विचारलं तर हातातली जपमाळ थांबली त्यांची. म्हणाले, गाव आधी खालीच होतं. दुष्काळाच्या साली ती गल्ली बसल्या जागी संपली. पुरायला गेलेल्यांनी दोन दारं उघडली, तिसऱ्याला हात लावायची छाती झाली नाही. उरलेले वर येऊन राहिले. म्हणून या गावात नव्या सुनेच्या पुढे घरचं माणूस चालतं. ही वरची आहे, आमची आहे, हे खालच्यांना दिसावं म्हणून.

मी म्हटलं, हे मला लग्नाआधी सांगता येत नव्हतं? तर म्हणाले, अगं, घरची बाई नेणारच, असं धरून चाललो आम्ही.

धरून चालले!

११ ऑक्टोबर

झऱ्यावरून चढ चढत आले तर वर घर नव्हतं. वाट पुन्हा उतरलेली. भर दुपारची, लख्ख उन्हात. खड्ड्यांच्या जागी दारं. एका दारात धूर, भाकरीचा वास. दोन्ही बादल्या तिथेच रिकाम्या झाल्या, मी सांडल्या नाहीत. पळत सुटले. कुठून वर आले आठवत नाही.

रऊफला सांगितलं. तो बूट पुसत होता. पुसतच राहिला. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा दचकून म्हणाला, अरे, तू कधी आलीस?

१२ ऑक्टोबर

झऱ्यावर जायचं नाही ठरवलं. विहिरीचं पाणी भरलं. पण पाय —

सकाळी अंगणात निघाले आणि खालच्या गल्लीत पोचले.

मागिनूर आपानं आज चहाचे दोनच पेले मांडले. मुद्दाम, म्हणून मी भांडले. तिनं मान वर केली नाही. तिसरा पेला मी घेतला. चहा ओतला, तो भरेचना.

१३ ऑक्टोबर

बदकं माझ्या पायांमधून चालत गेली. बाजूला झाली नाहीत.

शाकूर आजोबांना अजून दिसते मी. थोडीशी. डोळे बारीक करून बघतात. म्हणाले, उपाय एकच. नणंदेनं कावड घ्यायची, पुढे चालायचं, झरा दाखवायचा. रऊफनं फाटकात उभं राहून नावानं हाक मारायची. शुक्रवारच्या नमाजाआधी. मग नाही. त्यांनी मागिनूर आपाला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, विचार करते. म्हणाली, पहिली वहिनी गेल्यावर या घरात तिच्या जागी मला कोणी नकोच होतं.

निदान खरं बोलली.

१४ ऑक्टोबर

ती झऱ्यावरची बाई दुपारी आली. आमच्या फाटकाशी. माझाच रुमाल. आत नाही येत, उभी राहते. मागे आणखी बायका. सगळ्या कावडी घेऊन — सासू, जावा. हसतात. कौतुकानं. पहिल्या दिवशी वर कोणी असं —

नको. नको.

आज, मंगळवार

आपा, बोललेलं तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहून चहाच्या भांड्याखाली ठेवते. अक्षर वाईट आहे, समजून घ्या. तुमच्या वहिनीची जागा मला नको. कोपरा द्या. चुलीमागचा द्या. पण वर ठेवा. हात जोडते, मी कधी कोणाला जोडले नाहीत.

येणार की नाही? गुरुवारपर्यंत सांगा. हो किंवा नाही. नुसतं मान हलवा, मी इथेच बघत उभी आहे, तुमच्या समोर, आपा, इकडे —

रऊफला म्हणावं, फाटकातून मोठ्यानं हाक मार. नाव विसरला असेल तर लिहून देते. माझं नाव