ताई, तेल कुठलं घालू?

अर्नाळा,
गुरुवार, ता. २४ जुलै २०२५

चि. विघ्नेश यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. स्वप्नालाही सांग. आम्ही इकडे बरे आहोत. मासेमारीची बंदी उठायला आठ दिवस राहिले, तुझे भावोजी ओटीवर जाळी शिवतायत आणि आमच्या दुकानात होडीच्या स्पेअर पार्टसाठी सगळ्यांना आजच जाग आलीय. तुझी भाची हेमाली उद्या नायगावला मैत्रिणीकडे येतेय, तिच्या हाती हे पत्र आणि तेलाचे दोन डबे पाठवते.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू ‘हो ताई, बरं ताई’ करतोस नि ठेवतोस. आणि मलाही फोनवर अर्ध्यात विषय बदलायची सवय लागलीय. म्हणून लिहिते.

आधी तुझ्या प्रश्नाचं. ‘ताई, होडीच्या नव्या मशीनला तेल कुठलं घालू?’ हा तुझा मेसेज वाचून मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. अर्नाळ्यात तेलाचा डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचणारा पहिला माणूस तू. काउंटरवर बसून मी गिऱ्हाइकांना जे शिकवते ते सगळं तुझ्याकडून ऐकलेलं. आणि तू मला विचारतोस. असो.

तर नीट वाच. डब्यावर टीसी-डब्ल्यू थ्री लिहिलेलं पाहिजे. नसेल तर डबा परत ठेव, मग दुकानदार कितीही शपथा घेवो. तुझा तो भागीदार एडवर्ड म्हणतो ना, स्कूटरचं इंजिनही टू-स्ट्रोक आणि होडीचंही टू-स्ट्रोक, मग तेल एकच. त्याला विचार, घोडा नि म्हैस दोघं गवत खातात म्हणून म्हशीवर खोगीर टाकतोस का? स्कूटरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, फार तापतं, तिचं तेल त्या तापासाठी बनवलेलं. ते जळून राख सोडतं. आपली मशीन पाण्यावर थंड होते. तिच्यात ती राख प्लगवर नि पिस्टनवर बसत जाते, आणि नेमकी खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला, मशीन खोकायला लागते. मोटारीच्या फोर-स्ट्रोक तेलाचं तर नावच काढू नको. ते पेट्रोलात मिसळून जाळायसाठी नसतंच.

प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल तेच. बहुतेक पन्नासाला एक, म्हणजे दहा लिटरला दोनशे मिली. नवी आहे म्हणून पहिले काही तास दुप्पट लागेल, तेही पुस्तकात बघूनच. आधी थोडं पेट्रोल, मग तेल, झाकण लावून चांगलं हलव, मग बाकीचं पेट्रोल. जास्त तेल म्हणजे जास्त माया असं एडवर्डला वाटेल, पण नुसता धूर होईल. आणि तेल घातलं की कॅनवर मार्करने तारीख नि किती मिली ते लिही. खुणाबिणा नकोत. अक्षरं लिही.

आता एक गंमत. सहा वर्षं तुझे भावोजी बंदरावर सांगत फिरतात, “आपली होडी जुन्याच तेलावर. मशीन बगा कशी पलते.” डबा जुना आहे, खरंय. आतलं तेल दर महिन्याला मी बदलते, दुकानाच्या मागे उभी राहून. त्यात जे तेल भरते ते टीसी-डब्ल्यू थ्रीच. त्याच तेलावरून त्यांनी तुला होडीवरून उतरवलं.

गंमत म्हणून लिहायला घेतलं खरं, पण ती गंमत नाही. तू म्हणशील, मशीन त्या तेलाने गेली असं सगळं बंदर म्हणत होतं, मेकॅनिकनेही मान डोलावली, मग ताईला एवढी खात्री कशी?

इथे मी उठून चहा करून आले. आता सांगते.

आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. तेल घातलेल्या कॅनच्या मुठीला लाल चिंधी, न घातलेला मोकळा. सासऱ्यांपासून चालत आलेली. सहा वर्षांपूर्वीच्या त्या नारळी पुनवेला सकाळी तू पेट्रोलच्या दोन कॅनमध्ये तेल घातलंस, चिंध्या बांधल्यास आणि तिसरा तसाच ठेवलास. मी होडी सजवत होते. पताका झाल्या, झेंडूचे हार झाले, नारळाला सोनेरी कागद झाला. तिसरा कॅन तेवढा बोडका दिसला. माझ्या जुन्या लाल साडीचा काठ हाताशी होता, तो फाडून बांधला. पंधरा वर्षं त्या घरात राहून मला त्या वेळी खूण आठवली नाही रे. मला फक्त शोभा दिसली.

नारळ सोडून झाल्यावर तू तो कॅन जोडलास, आणि किल्ल्याच्या मागे मशीन जाम झाली. निव्वळ पेट्रोलवर चालली होती ती, तेलाचा थेंब नव्हता. दुसऱ्या होडीने तुला ओढून आणलं तेव्हा गाव किनाऱ्यावर उभं होतं. तुझे भावोजी सगळ्यांदेखत बोलले, “नवीन तेल आनलं नि मशीन खाल्ली. पुस्तकं वाचून दर्या कलत नाय.” तू मान खाली घालून उभा होतास. मी तुझ्यापासून पाच पावलांवर होते, हातात पूजेचं ताट.

कॅन मी उतरवून घेतला. मुठीवरचा काठ बघितला तेव्हा खूण आठवली. तो सोडवला, घरी नेऊन चुलीत घातला. उरलेलं पेट्रोल वाळूत ओतलं. मेकॅनिक आला तेव्हा त्याला बघायला काही उरलंच नव्हतं.

काठ बांधला ती चूक, सणाच्या घाईत कुणाच्याही हातून झाली असती. पण तो चुलीत घातला ती चूक नव्हती. मला कुणी मारणार नव्हतं. बंदर चार दिवस हसलं असतं, भावोजींनी वर्षभर टोमणे मारले असते, एवढंच. तेवढ्यासाठी मी तुझा दर्या जाऊ दिला. तू कंपनीत लागलास, पुन्हा आमच्या उंबऱ्यावर आला नाहीस. मी दर राखीला नायगावला येते, पेढे देते, तुझ्या हाताला राखी बांधते नि बोलायचं ते न बोलता परत जाते. फार लाज वाटते, विघ्नेश.

काल तुझ्या भावोजींना सांगितलं. जाळ्यावरचा हात चालूच होता, मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाले, “डब्यातलं तेल पन?” म्हटलं, तेही. “सहा वरसं?” म्हटलं, सहा वर्षं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “मी त्याला बंदरावर बोललो. आता घरात बोलून नाय चालनार.” पुनवेला नारळाच्या आधी, सगळे जमतील तेव्हा सांगणार आहेत. माझ्याशी अजून बोलत नाहीत, वाढलं की जेवतात. बोलतील. नाही बोलले तर तेल कुठून आणतात ते बघते.

तू ये म्हणून मी गळ घालणार नाही, तो हक्क मला राहिला नाही. आलास तर त्यांचं पूर्ण ऐकून घे, ‘जाऊ द्या भावोजी’ म्हणून मध्येच मिटवू नकोस. तुझी ती खोड आहे. आणि माझी माफी त्यांच्या माफीत धरू नकोस. ती मी तुझ्यासमोर उभी राहून वेगळी मागणार आहे. दिलीच पाहिजेस असं नाही.

मशीन पहिल्यांदा चालू करशील तेव्हा मन घट्ट ठेव. हे तेल कुणी सांगितलं असं एडवर्डने विचारलं, तर माझं नाव घेऊ नकोस. स्वतःचं घे.

तुझं तेल बरोबर होतं, हे त्याच दिवसापासून माहीत असलेली,
तुझी ताई
आशालता